डोळे कोरडे राहिले तर स्तुती खोटी ठरते का?

पुण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, गायनमंडळात गातात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "गीतं तोंडपाठ आहेत, सूरही लागतो. पण गाताना मन कधी घरी गॅसवर ठेवलेल्या कुकरपाशी, तर कधी ऑफिसच्या मेलपाशी असतं. शेजारच्या बाईंच्या डोळ्यांतून धारा वाहतात आणि माझे डोळे कोरडे. घरी एकटी प्रार्थनेला बसले तर पाच मिनिटांत बोलायचं संपतं. त्यात मार्चमध्ये वडील गेले. तेव्हापासून आनंदाची गीतं म्हणताना आपण खोटं बोलतोय असं वाटतं. पाळकसाहेब सांगतात, मनापासून स्तुती करा, अंतरातून उपासना करा. ते नेमकं करायचं कसं?"

ताई, सलाम. मी पेशाने शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला सवय नगरचीच) मंडळ्यांत बेचाळीस वर्षं पेटी वाजवतो आहे. त्यामुळे तुमचा आजार मला आतून ठाऊक आहे. अनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारच्या भक्तीत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, चार गीतं झाली. तबल्यावर नवीन पोरगा होता, केरवा तालात पळत होता. माझा अर्धा जीव त्याला आवरण्यात आणि उरलेला बायकांच्या बाजूला कोण सूर सोडतंय ते हेरण्यात. भक्ती सुटली, बाहेर आलो, चपला घालता घालता बायकोने सहज विचारलं, "दुसरं गीत कोणतं घेतलंत हो?" मला सांगता येईना. वाजवलं मी, गायलं मी, आणि एक ओळ आठवेना. हात भात्यावर होता, तोंड शब्दांवर होतं, पण मी स्वतः तिथे नव्हतोच. त्याहून वाईट म्हणजे लोक येऊन सांगत होते, "मास्तर, आज फार छान झालं."

यशया संदेष्ट्याने २९व्या अध्यायात हेच लिहून ठेवलंय: हे लोक ओठांनी माझा मान राखतात, अंतःकरण मात्र माझ्यापासून दूर. आपण हे वचन नेहमी दुसऱ्यांना लावतो. ते पेटीवाल्यांना आणि गायनमंडळालाच सगळ्यात आधी लागतं, कारण ज्याचे ओठ तयार झालेले असतात त्यालाच मन न लावता निभावून नेता येतं. नवखा माणूस अडखळत का होईना, शब्द बघून गातो.

पण इथे एक घोटाळा सोडवला पाहिजे. 'मनापासून' म्हणजे 'मन भरून आल्यावर', असं आपण धरून चालतो. मीही कित्येक वर्षं धरलं होतं. मन भरून आलं की स्तुती खरी, नाही आलं की वरवरची. असं मोजायला लागलं की माणूस गाताना देवाकडे बघतच नाही, स्वतःच्या छातीत काही हलतंय का ते चाचपत बसतो. तुमच्या प्रश्नातही मला तेच दिसतं.

बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १०३ उघडा. "हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर." हे कुणाला सांगितलंय? देवाला नाही, मंडळीलाही नाही. स्तोत्रकर्ता स्वतःच्याच जिवाला सांगतोय, आणि तेही आज्ञार्थात. जीव आपणहून उसळत असता तर त्याला आज्ञा कशाला करावी लागली असती? पोर आपणहून अभ्यासाला बसलं असेल तर आई "बस रे अभ्यासाला" म्हणत नाही. म्हणजे हे स्तोत्र ज्या सकाळी लिहिलं गेलं त्या सकाळी लिहिणाऱ्याचा जीव बहुधा दुसरीकडेच होता. तुमच्यासारखाच.

पुढची ओळ आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, फार सुंदर उतरली आहे: "हे माझ्या सर्व अंतर्यामा." मूळ हिब्रूत तिथे जो शब्द आहे त्याचा अर्थ पोटातलं सगळं, आतडी-काळीज धरून. आणि 'जीव' म्हणून जो शब्द आहे, नेफेश, त्याचाच एक अर्थ गळा. ज्यातून श्वास जातो, घास जातो, आवाज निघतो तो गळा. एका धर्मशास्त्राच्या वर्गात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. आपण 'अंतरीची उपासना' म्हटलं की शरीर बाहेर ठेवून कुठल्यातरी धुक्यात शिरायचं असं समजतो. हिब्रू माणसाला तशी फाळणी माहीतच नाही. त्याच्या लेखी गळा आणि जीव एकाच शब्दात राहतात. तेव्हा ओठ हलतात याची लाज वाटू देऊ नका. ओठ हे दार आहे. दार उघडं आहे आणि घरधनी परसात गेलाय, एवढाच तुमचा प्रश्न. त्याला हाक मारायची आहे.

हाक कशी मारायची, तेही त्याच स्तोत्रात आहे. "त्याचे सर्व उपकार विसरू नकोस" असं म्हणून तो लगेच मोजायला लागतो: क्षमा करतो, बरं करतो, खड्ड्यातून सोडवतो, मुकुट घालतो, तृप्त करतो. पाच क्रियापदं, एकामागून एक. 'तू महान आहेस, थोर आहेस' असलं मोघम तिथे काही नाही. मराठी ख्रिस्ती बोलीत यासाठी एक जुना शब्द आहे, उपकारस्तुती. हल्ली तो मागे पडतोय, सगळीकडे 'वर्शिप' झालंय. मला त्या शब्दाचं वाईट वाटतं, कारण करायचं काय ते तोच सांगतो: आधी उपकार, मग स्तुती. उपकार आठवला नसेल तर स्तुती कशाची करणार?

हे मला शिकवलं ते एका म्हातारीने. आमच्या गावात एक बायबलबाई होत्या. तरुणपणी वाड्यावस्त्यांवर पायी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायच्या. मी पाहिल्या तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. दुपारी ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसायच्या. खडा सापडला की उचलून बाजूला, आणि तोंडाने काहीतरी चालूच. मला वाटायचं, ओवी म्हणत असतील. एकदा जवळ बसून ऐकलं. म्हणत होत्या: "बापा, ज्वारीला मार्गशीर्षात पाणी दिलंस. बापा, थोरलीचं बाळंतपण सुखरूप केलंस. बापा, त्या दिवशी बैल अंगावर आला तेव्हा बांध मध्ये ठेवलास." चाल नाही, यमक नाही. मी विचारलं, "आजी, हे रोज म्हणता?" त्या म्हणाल्या, "रोज कुठं तेच? रोज खडे वेगळे, तांदूळ वेगळे." आणि सूप पाखडायला लागल्या.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. रोज एकच उपकार लिहायचा, पण नाव, गाव, वेळ घालून. 'आरोग्याबद्दल धन्यवाद' असं लिहायचं नाही. 'आज गुडघा न धरता जिना उतरलो' असं लिहायचं. पहिला महिना फार जड जातो. चार दिवसांत मोघम उपकार संपतात आणि मग माणसाला खरोखर दिवसाकडे बघावं लागतं. कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) याने रोजच्या आत्मपरीक्षणाच्या ज्या पायऱ्या घालून दिल्या त्यात पहिली पायरी पापाची नाही, मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार मानण्याची आहे. आपल्याकडचे प्रॉटेस्टंट लोक त्याचं नाव ऐकून कानावर हात ठेवतात, पण म्हातारीच्या सुपात आणि त्याच्या पायरीत मला तरी फरक दिसत नाही.

आता गाताना मन पळतं त्याबद्दल. धर्मसुधारक मार्टिन लूथरला त्याच्या ओळखीच्या न्हाव्याने विचारलं होतं, प्रार्थना कशी करावी? लूथरने १५३५ मध्ये त्याला उत्तरादाखल एक छोटं पुस्तकच लिहून दिलं. त्यात तो म्हणतो, चांगला न्हावी वस्तऱ्यावर आणि केसांवर मन ठेवतो. हजामत करताना गप्पा मारत इकडेतिकडे बघू लागला तर गिऱ्हाइकाचं नाक, तोंड, गळासुद्धा कापून बसेल. मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे लूथर भावनेबद्दल काही बोलत नाही. न्हाव्याच्या डोळ्यांत पाणी असायला हवं असं त्याला वाटत नाही. फक्त नजर हातातल्या कामावर हवी.

आणि हे हातातलं काम बारीक करून घ्यायचं. पूर्ण गीतावर लक्ष ठेवायला गेलात तर जमणार नाही. शनिवारी रात्री गीतांचे क्रमांक कळले की 'उपासना संगीत' हे आपलं गीतपुस्तक उघडा आणि प्रत्येक कडव्यातला एक शब्द निवडा, फक्त एकच. तो आला की तिथे उभं राहायचं. बाकीच्या शब्दांत मन भटकलं तर भटको. मी पेटीवर असतो, मला ताल-सूर सांभाळावाच लागतो, तेव्हा माझी युक्ती अशी की कडवं संपून पेटीवर ओळ परत वाजते ती जागा मी माझ्यासाठी राखून ठेवली आहे. लोकांना वाटतं, मास्तर मधला तुकडा वाजवतायत. मी तेवढ्या चार मात्रांत निवडलेला तो एक शब्द देवाला सांगून घेतो.

अभंगात तर ही जागा घडणीतच आहे. मोठ्या अभंगाचे चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा. तीन पावलं चालल्यावर चौथं अर्धं पडतं आणि माणूस थबकतो. माझ्याच वहीतलं एक देतो, काव्य म्हणून बघू नका, नुसता ठेका बघा:

उजाडले दार, आत आला वारा,
उपकार सारा, तुझा देवा.

'तुझा देवा' पाशी जी पोकळी राहते तिथे मन टेकतं. इंग्रजी चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांत हे होत नाही. त्या चालीत जोर आणि लांबी 'प्रभू'च्या 'प्र'वर पडते आणि बिचारा 'भू' तुटून जातो. मग गाणारा अर्थ सोडून चाल सांभाळत बसतो. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या सोबतीने आलेली पुष्कळ गीतं अशी होती. नारायण वामन टिळकांचे (१८६१–१९१९) मराठी ख्रिस्ती माणसावर जे उपकार आहेत ते याच ठिकाणचे. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढे नगरला राहून त्यांनी लिहिलं ते अभंगात, ओवीत, पदांत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो असं ते सांगत. त्यांच्याही आधी नगरच्याच कृष्णराव रत्नाजी सांगळ्यांनी कीर्तन हाती घेतलं होतं. आणि फार मागे जायचं तर मूळच्या इंग्लंडच्या आणि १५७९ साली गोव्याला आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेलं ख्रिस्तपुराण, जवळजवळ अकरा हजार ओव्या. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती आणि त्यांना पोकळी जाणवत होती, म्हणून ते लिहिलं. पहिल्याच ओवीत देवाला 'विश्वभरिता' अशी हाक आहे. या सगळ्यांनी ओळखलं होतं की माणूस देवाशी मनातलं बोलतो ते आजीच्या भाषेत आणि आजीच्या चालीत. तुमच्या घरी आजी वसईची होती की विदर्भातली मला माहीत नाही, पण तिच्या तोंडची एखादी चाल आठवत असेल तर ती वाया घालवू नका. मनात ती म्हणताना लक्ष कमी पळतं, हे करून बघा.

एकच ओळ वीस वेळा म्हणणाऱ्या नव्या गाण्यांवर आमच्या पिढीचे लोक नाक मुरडतात. मी मुरडत नाही. स्तोत्र १३६ मध्ये सव्वीस वचनं आहेत आणि त्याची दया सनातन आहे, हे पालुपद सव्वीसही वेळा येतं. फरक एवढाच की तिथे जवळजवळ प्रत्येक पालुपदाच्या आधी नवा उपकार आहे: आकाश, सूर्य, चंद्र, मिसरातून (इजिप्तमधून) सुटका, अन्न. पालुपद दाव्यासारखं आहे, त्याला दर वेळी एक वेगळं जनावर बांधलेलं आहे. नुसतं दावं फिरवत राहिलं तर हात दुखतात. माझी तक्रार आहे ती आवाजाची. एका मंडळीत (नाव सांगत नाही) मला पाहुणा म्हणून पेटीला बसवलं होतं. स्पीकर एवढे मोठे की माझी पेटी मलाच ऐकू येईना, आणि समोरचे दोनशे लोक गातायत की नुसते उभे आहेत तेही कळेना. बाहेर पडल्यावर कुणीतरी म्हणालं, "आज काय अभिषेक होता!" म्हणजे पवित्र आत्मा उतरला होता. असेलही. माझ्या छातीत मात्र बराच वेळ बास गिटार धडधडत होतं आणि ते आत्म्याचं काम मानायला मी तयार नव्हतो.

यावरून शेजारच्या बाईंच्या आसवांकडे येतो. आधी हे, की त्यांच्याबद्दल शंका घेऊ नका. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं तेव्हा शेकडो मुली एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करत होत्या, रडत होत्या. बाहेरून आलेल्या काहींना ते चमत्कारिक वाटलं. पण त्याच मुक्तीत शेती, विणकाम, छापखाना, अनाथ मुलींचा सांभाळ सगळं चालू होतं. रडणाऱ्या हातांना काम ठाऊक होतं. तेव्हा आसवं खोटी नसतात. पण ती मोजपट्टीही नाहीत. सेंट ऑगस्टिनने चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिताना कबूल केलंय की चर्चमधल्या गायनाने आपल्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण जेव्हा गायलेल्या अर्थापेक्षा गळ्यानेच आपण जास्त हलतो तेव्हा ते आपल्याला पाप वाटतं, आणि मग न ऐकलेलं बरं असं होतं. एवढा मोठा माणूस, गाणं हवं की नको यावर त्याचा जीव खालीवर होत होता. शेवटी त्याने गाण्याच्या बाजूने कौल दिला, थोडा कुरकुरतच.

उलट बाजूला हन्ना आहे, शमुवेलाची आई. मंदिरात ती मनातल्या मनात बोलत होती, नुसते ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली याजक दाराशी बसून बघत होता आणि त्याला वाटलं, बाई प्यायलेली आहे. आयुष्य देवाच्या घरात घालवलेल्या माणसाला समोरची खरी प्रार्थना ओळखता आली नाही. मग तुम्ही शेजारच्या बाईंच्या डोळ्यांवरून स्वतःला कशाला जोखता? आणि कुणी तुमच्या कोरड्या डोळ्यांवरून तुम्हाला जोखत असेल तर त्याला एली समजून सोडून द्या. पुढे एलीने चूक कळल्यावर आशीर्वादच दिला होता.

घरी एकटं बसल्यावर पाच मिनिटांत बोलणं संपतं, हे मला दोष वाटत नाही. बोलण्यासारखं पाच मिनिटांचंच असेल तर दहा मिनिटं कशाला ताणायचं? येशूने तर बडबड वाढवू नका असंच सांगितलंय. त्याच अध्यायात, मत्तय ६ मध्ये, 'खोलीत जा, दार लाव' असं आहे. तिथला ग्रीक शब्द साठवणीच्या खोलीचा आहे, म्हणजे आपली कोठीची खोली. त्या काळच्या साध्या घरात दार लावता येईल अशी आतली जागा तीच. प्रभू ध्यानमंदिर बांधायला सांगत नाही, धान्याच्या कणग्यांत जाऊन बस म्हणतो. पुण्याच्या फ्लॅटमध्ये कोठी नसते हे मला कळतं. माझी एक विद्यार्थिनी सकाळी गच्चीच्या जिन्यात पाण्याच्या टाकीजवळ बसते. तिचं तिथे चांगलं चालतं.

बोलणं संपल्यावर उठू नका, पुटपुटा. पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस ध्यान करणारा माणूस आहे. तिथल्या हिब्रू क्रियापदाला हागा म्हणतात. हेच क्रियापद यशयाने पारव्याच्या घुमण्याला आणि शिकार धरून गुरगुरणाऱ्या सिंहाला वापरलंय. म्हणजे शास्त्रातलं ध्यान म्हणजे डोळे मिटून रिकामं होणं नव्हे, ते ओठातल्या ओठात घुमवणं आहे. आमच्या म्हातारीचं सूप आठवा. एक वचन घ्यायचं, छोटं, आणि ते घोळवत राहायचं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत श्वासाबरोबर एकच प्रार्थना म्हणतात: "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर." लूकच्या १८व्या अध्यायातल्या जकातदाराची तीच हाक. मी बसमध्ये ती म्हणतो. नगर-पुणे रस्त्यावर वाघोलीच्या गर्दीत तर फारच उपयोगी पडते.

आणि कोरडं वाटेल. वाटू द्या. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये तेरेसा ऑफ आविला नावाची संन्यासिनी होऊन गेली. प्रार्थनेवर तिच्याइतकं खोल फार थोड्यांनी लिहिलंय. तिनेच लिहून ठेवलंय की कित्येक वर्षं प्रार्थनेचा तास कधी संपतो आणि घड्याळाचे टोले कधी पडतात याकडे तिचे कान असत. पुस्तक हाताशी नसलं तर प्रार्थनेला बसायची हिंमत होत नसे, पुस्तक असलं की नुसतं उघडूनही मन ताळ्यावर येई. तुम्हीही शास्त्र मांडीवर उघडं ठेवा. अंतरीच्या उपासनेला छापील पान चालत नाही असं कुणी सांगितलं?

शब्द अगदीच संपले तर स्तोत्र ६५ची पहिली ओळ आहे. आपल्या भाषांतरांत ती 'तुझे स्तवन' अशा वळणाने येते. हिब्रू अक्षरशः वाचली तर मात्र तिचा अर्थ 'तुझ्यासाठी मौन हीच स्तुती' असा लागतो. या ओळीवर पंडितांत वाद आहेत. मी माझ्यापुरता तो सोडवून टाकला आहे. गप्प बसतो आणि ती स्तुती धरतो.

आता वडिलांचं. हे शेवटी घेतलं, कारण यावर मला घाईने लिहायचं नव्हतं.

मघाशी जिने मला दुसरं गीत कोणतं म्हणून विचारलं होतं ती बायको नऊ वर्षांपूर्वी गेली. दफनानंतरच्या तिसऱ्या रविवारी मी पेटीवर बसलो, कारण दुसरं कुणी नव्हतं. पहिलंच गीत आनंदाचं लागलं. पट्टी दिली, डावा हात भाता ओढू लागला, उजवा चालू लागला, आणि तोंड उघडेना. गळ्यात काहीतरी आडवं बसलं होतं. मी तसाच वाजवत राहिलो आणि मंडळी गायली. बायकांच्या बाजूला जिथे ती बसायची तिथली जागा त्या दिवशी कुणी घेतली नव्हती, पण तिच्या दोन्ही बाजूंच्या बाया जरा मोठ्यानेच गात होत्या असं मला वाटलं. मी गायलो नाही. पण त्या सकाळी स्तुती झाली नाही असं मला आजही म्हणवत नाही. माझ्या वाटणीचं त्यांनी गायलं. मंडळी म्हणून एकत्र जमायचं कारण मला त्या दिवशी कळलं. दर रविवारी कुणाचा ना कुणाचा गळा बसलेलाच असतो.

इब्री लोकांस पत्राच्या १३व्या अध्यायात 'स्तुतीचा यज्ञ' असा शब्द आहे. यज्ञात काहीतरी जातं. मन आनंदी असताना गायलेलं गाणं चांगलंच, पण त्याला तोशीस पडत नाही. प्रभूने स्वतः काय केलं बघा. शेवटचं भोजन झालं, उद्याचा क्रूस ठाऊक आहे, आणि मार्क लिहितो की स्तोत्र गाऊन ते जैतुनाच्या डोंगराकडे निघाले. वल्हांडण या यहुदी सणाच्या जेवणात ११३ ते ११८ ही स्तोत्रं गायची रीत होती, म्हणजे बहुधा तीच असणार. त्या शेवटच्या स्तोत्रात 'हा दिवस परमेश्वराने नेमला आहे, यात आपण उल्लास करू' असं आहे. हे म्हणून तो गेथशेमाने बागेत गेला आणि तिथे त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडला. दुसऱ्या दिवशी क्रूसावर त्याच्या तोंडी स्तोत्र आलं ते बाविसावं: माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? दोन्ही एकाच पुस्तकातली, एकाच गळ्यातली. उल्लासाचं खरं आणि टाहोचं खोटं, किंवा उलट, असं त्याने केलं नाही.

तुम्हाला खोटं वाटतं त्याचं कारण मला असं दिसतं की आपल्या मंडळ्यांनी स्तोत्रसंहितेतला अर्धा माल दुकानातच मांडलेला नाही. दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं कुठल्याही दुसऱ्या प्रकारापेक्षा जास्त आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारावरच संपतं, मूळ हिब्रूत शेवटचा शब्दच अंधार. त्यावर कुणी 'पण प्रभू चांगला आहे' असं ठिगळ लावलेलं नाही. तरी ते स्तुतीच्या पुस्तकात आहे, कारण तो सगळा अंधार देवाला उद्देशून सांगितलाय, त्याच्याकडे पाठ करून नाही. वडिलांची आठवण येऊन राग आला तर तो राग त्याच्या तोंडावर सांगा. माझ्या वहीत त्या वर्षी दोन महिने उपकाराच्या जागी नुसतं 'का?' लिहिलेलं आहे. नंतर एका दिवशी लिहिलंय: 'तिच्या हाताचं लोणचं अजून अर्धी बरणी आहे.' ते लिहिताना मी रडलो की नाही, आठवत नाही.

येत्या रविवारसाठी सांगतो. गायनमंडळाच्या प्रमुखांना सांगून दोन-तीन महिने खाली लोकांत बसा. ते नाही म्हणणार नाहीत, म्हणाले तर माझं नाव सांगा. गाता येईल ती ओळ गा, नाही ती शेजारच्या बाईंना गाऊ द्या. घरी सकाळी ४२वं आणि ४३वं स्तोत्र एकत्र घ्या, ती मुळात एकच असावीत. "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" हा प्रश्न त्यांत तीनदा येतो आणि तिन्ही वेळा उत्तर तेच, म्हणजे पहिल्या दोन वेळा जिवाने ऐकलं नव्हतं. वाचायचं नाही, म्हणायचं, आणि चाल लावून. चाल सुचली नाही तर वडील जी गुणगुणायचे ती घ्या. पट्टी मात्र खाली धरा, काळी पाचच्या वर जाऊ नका. सकाळी गळा उघडलेला नसतो, आणि शेजारीही झोपलेले असतात.